मुंगी वाचते

मुंगीला तिसरं वर्ष लागून जेमतेम काही महिने झाले होते आणि ती वाचायला लागली होती. निदान तिच्या बाबाचं तसं म्हणणं होतं.

बाबा सोफे शिवायचा. घराच्या मागच्या खोलीतच त्याचं काम चालायचं. लाकडी सांगाडे, फोमचे ताव, ठाक ठाक करणारी स्टेपलगन. काम आटोपलं की तो हात धुऊन जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि कार्डं काढायचा. जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून त्यानंच ती कापली होती. प्रत्येकावर लाल रंगात एकेक शब्द, चित्र नाही. तो कार्ड स्वतः बघून छातीशी वर धरायचा, मुंगी समोर उकिडवी बसून एकटक बघायची आणि बोबड्या आवाजात म्हणायची, "माछा." कार्डावर 'मासा'च असायचं.

"देवानं दिलंय हो पोरीला!" आत्या म्हणायची. आत्या म्हणजे बाबाची मोठी बहीण. ती आली की दोनदा, तीनदा खेळ व्हायचा आणि शेवटी ती मुंगीची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडायची.

मुंगीची आईही टाळ्या वाजवायची, पण तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. ती एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. बाकावर ताटकळताना तक्त्याची खालची ओळ पाठ करून ठेवणारे आणि खुर्चीत बसल्यावर घडाघडा म्हणून दाखवणारे लोक तिला रोज भेटायचे. ती गुपचूप तक्ता बदलायची, तरी ते तीच अक्षरं म्हणायचे. त्यामुळे कुणी "मला वाचता येतं" म्हटलं की तिचा पटकन विश्वास बसत नसे.

तिनं आधी कार्डांचा क्रम बदलला. मुंगी अडली नाही. मग नवऱ्याच्या गठ्ठ्यात तिनं स्वतः लिहिलेलं एक नवं कार्ड सरकवलं. त्यानं ते वर धरलं, मुंगीनं पाहिलं.

"तोपी!"

कार्डावर 'टोपी' होतं. हे पाठांतर नव्हतं. एवढ्याशा पोरीनं कधीच न पाहिलेला शब्द जुळवून वाचणंही शक्य नव्हतं. मग राहिलं काय? नवराच तिला सांगत होता. कसा, ते कळत नव्हतं, पण सांगत होता.

त्या दिवसापासून ती नवऱ्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागली. कांदा चिरता चिरता स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बोटं बघायची. पाठमोरा असला तर काहीतरी निमित्त काढून बाजूला यायची. बोटं हलत नव्हती. गुडघाही नाही. मधेच एकदा मुंगीनं 'बाण' लिहिलेलं कार्ड "मान" म्हणून वाचलं, नि 'मान' आलं तेव्हा "पान".

"चुकतं कधीकधी," बाबा म्हणाला. "लहान आहे."

पण आईला ते खटकलंच. नजर कमजोर असलेली माणसं 'ब'ला 'व' म्हणतात, 'घ'ला 'ध' म्हणतात. दिसायला सारखी अक्षरं असतात ती. 'बाण'चं 'मान' कुणीच करत नाही. मुंगी टीव्हीला नाक लावून बसते म्हणून तिनं पूर्वीच तिची नजर तपासून घेतली होती. नजर ठणठणीत होती.

एका दुपारी बाबा बाहेर गेलेला असताना तिनं स्वतः कार्डं घेतली. ओठ मिटून, चेहरा कोरा ठेवून, दुकानात गिऱ्हाइकासमोर उभी राहते तशी. मुंगीनं कार्डाकडे क्षणभर पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. ती वाट बघत राहिली. सगळी कार्डं संपली तरी पोरीनं एक शब्द काढला नाही.

संध्याकाळी तिनं हे सांगितलं तेव्हा नवरा हसला. "तुझं तोंड परीक्षेला बसवल्यासारखं असतं. मीसुद्धा घाबरलो असतो."

"ती फक्त तुझ्यासमोरच का वाचते?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

लग्नानंतर त्यानंच तिला सांगितलं होतं की शाळेत त्याला वाचायला उभं केलं की वर्ग हसायचा. आता पोरीला पुढे करून हा तो हिशेब चुकता करतोय, असं तिला वाटायला लागलं. त्यात आत्यानं एका बालवाडीच्या मोठ्या बाईंना मुंगीला बघायला घरी बोलावून ठेवलं. त्या बाईंसमोर पितळ उघडं पडलं, तर चारचौघांत तोंड कुठे लपवायचं?

बाई यायच्या आदल्या सकाळी बाबा फोम कापत होता. भुगा नाकात जाऊ नये म्हणून त्यानं मास्क बांधलेला होता. मुंगी कार्ड घेऊन त्याच्याकडे पळत गेली. त्यानं तसंच ते वर धरलं. "हं, वाच."

मुंगी गप्प. तिनं मान तिरकी केली. मग पुढे होऊन, चिमुकल्या हातानं त्याचा मास्क खाली ओढला. त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"फूल!"

दारातल्या आईनं ते पाहिलं. नवऱ्याचे ओठ आवाज न करता हलले होते. आधी मिटलेले, मग गोल.

"पकडलं!" ती म्हणाली. "तोंडानं सांगतोस तिला!"

"मी? अगं, मी हूं की चूं करत नाही!"

तिनं त्याला दंडाला धरून कपाटाच्या आरशासमोर नेलं आणि त्याच्या खांद्यावरून कार्ड दाखवलं. "स्वतःकडे बघ."

त्यानं कार्ड पाहिलं. आरशातले ओठ हलले. त्यानं हात तोंडावर नेला. शाळेत कसाबसा वाचायला शिकला, तो असाच, ओठांत पुटपुटत. ती सवय अजून सुटली नव्हती आणि आजवर त्याला कुणी ती दाखवलीही नव्हती.

"मला खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "म्हणजे तिला एकही अक्षर येत नाही?"

"मी कधीची सांगतेय." आईला जिंकल्यासारखं वाटलं. 'बाण'चं 'मान' झालं तेही म्हणूनच, दोन्हींना ओठ सारखेच मिटतात. पण ते जिंकणं फार टिकलं नाही. आवाज न करता हललेल्या ओठांवरून शब्द ओळखायचा, हे मोठ्या माणसालाही जमत नाही. या पोरीला कशाला शिकावं लागलं?

मुंगी त्यांच्याकडे पाठ करून फोमच्या तुकड्यांचं घर रचत होती.

"मुंगी," आईनं हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "मुंगी!" मग तिनं टाळी वाजवली.

"ऐकत नाही गं ती, तुला माहितीये ना," बाबा सवयीनं बोलून गेला. आणि बोलता बोलता थांबला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. ऐकत नाही, ऐकत नाही, असं घरातलं प्रत्येक जण म्हणत होतं. हट्टी आहे म्हणत होते, आत्यावर गेलीय म्हणत होते. आईनं दोन झाकणं आणून पोरीच्या मागे जोरात आपटली, तेव्हा कुठे मुंगीनं वळून पाहिलं.

बालवाडीच्या बाईंना येऊ नका म्हणून कळवलं. कानाच्या डॉक्टरांनी मुंगीच्या दोन्ही कानांत बराच वेळ पाहिलं, तपासण्या केल्या.

"पडद्यामागे चिकट पाणी साचलंय," त्या म्हणाल्या. "आपण नदीत बुडी मारून ऐकावं, तसं तिला ऐकू येतं. मग मुलं आपोआप तोंडाकडे बघायला शिकतात. पाणी काढून पडद्यात बारीक नळ्या बसवल्या की बरं होईल. पण तुमच्या लक्षात कसं आलं? भल्याभल्यांच्या येत नाही."

"हिला संशय आला," बाबा म्हणाला.

"मुलीच्या कानांचा?"

"नाही. माझा."

डॉक्टर हसल्या. आई हसली नाही. घरी येताना तिनं नवऱ्याशी बोलायचा प्रयत्न केला, तर तो सरळ समोर बघत चालत राहिला.

"मला खोटारडा समजलीस," शेवटी तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "समजले." याहून वेगळं काही बोलली असती, तर ते खोटं ठरलं असतं. मग झोपलेल्या मुंगीला त्यानं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आईच्या हातातली पिशवी मागून घेतली.

नळ्या बसवून मुंगी घरी आली, ती घाबरतच. नळाची धार सुरू झाली की दचकायची. स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून तिनं त्या काढून ठेवल्या. स्टेपलगन तर तिला सहनच होईना, म्हणून बाबानं आपलं सामान एका मित्राच्या गोदामात हलवलं. आत्या एवढंच म्हणाली, "वाचत होती तेव्हाच बरी होती."

आता बाबा संध्याकाळी गोष्टीचं पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसतो. मुंगी त्याच्या मांडीवर, पुस्तकाकडे तोंड करून. तो अडखळत वाचतो, पण आवाज काढून वाचतो. परवा आई दारात थांबून बघत होती, तर त्यानं तिच्यासाठी बाजूला सरकून जागा केली. ती जाऊन बसली. त्यानं पुढचं पान वाचायला घेतलं, अगदी खणखणीत.

मुंगीनं हात मागे नेऊन त्याच्या तोंडावर ठेवला.

"बाबा, हळू," ती म्हणाली. "केवढ्यांदा ओलडतोस!"