कुमुशची लाळ

तुर्दुमामबेतच्या कुमुशने एकदा कोल्हा धरला, तेव्हा कोल्ह्याची सावली अजून टेकडीवरच धावत होती. हे म्हातारा तुर्दुमामबेत स्वतः सांगे, म्हणजे खरंच असणार.

अशा कुत्रीच्या तोंडात तायगान या शिकारी कुत्र्यांच्या क्लबची जिपार कापसाची काडी फिरवायला आली, तसा म्हातारा आडवा आला.

"लाळ कशाला गं?"

"आजोबा, आपली तायगान कुत्री तरणीताठी आंधळी होतायत. दोष रक्तातून येतो. लाळेत सगळा वंश दिसतो. दोष कुणात आहे ते कळलं, की त्याची पिल्लं घ्यायची नाहीत."

'वंश दिसतो' म्हणताच म्हाताऱ्याने कुमुशला मागे ओढलं. किरगिझ माणसाला आपल्या सात पिढ्यांचे सात बाप तोंडपाठ हवेत. यानं तर कुत्रीचेही सात बाप गावाला म्हणून दाखवले होते, सातवा थेट गिधाडाच्या अंड्यातून निघालेला. त्या सातव्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. शंका होती पहिल्याबद्दल. कुमुशची आई एकदा मेंढपाळांच्या कुरणात तीन दिवस गायब होती. काडी ते बोलली तर क्लबच्या वहीतून नाव जाणार, आणि गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

"काडी ठेवून जा, पोरी. परक्याला चावते ती."

"आत्ता तर माझा हात चाटत होती!"

"चव बघत होती."

शेजारच्या सागिनालीचा तायगान कुत्रा कारागर मात्र अस्सल; वैरीसुद्धा त्याची शपथ घेत. सागिनाली क्लबवाल्यांना फाटकात उभं करत नसे. लाळ नेऊन हे लोक परदेशात कुत्री बनवतात, असा त्याचा वहीम. तो घोड्या आणायला गेला, तसा तुर्दुमामबेतने कुंपणातून हात घातला आणि काडी कारागरच्या गालात फिरवून आणली, आणि कुमुशची म्हणून जिपारला दिली.

महिन्याने जिपार कागद घेऊन आली.

"वंश अस्सल आहे, आजोबा."

म्हाताऱ्याची छाती फुगली.

"फक्त कुमुश नर आहे."

"गिधाडाच्या वंशात होतं असं," म्हातारा म्हणाला.

जिपार हसली नाही. "ही लाळ ज्याची, त्याचे डोळे जाणार. कुणाची?"

आपल्याकडून वदवून घ्यायचा डाव तर नव्हे, असं म्हाताऱ्याच्या मनात आलं. पण कारागर हल्ली खुंटाला धडकायचा, आणि सागिनाली त्याला आळशी म्हणून शिव्या द्यायचा. उद्या सागिनाली कारागरला रानबोकडामागे कड्यावर सोडणार होता.

म्हातारा उठला आणि सागिनालीच्या फाटकाशी गेला.

"कारागरला उद्या सोडू नकोस. आंधळा होतोय तो."

"जळतोस होय रे? तुला कुणी सांगितलं?"

"त्याच्याच लाळेने. मी चोरली. माझ्या कुत्रीच्या बापाचा मला भरवसा नाही."

सागिनालीने चाबूक उचलला. मग थांबला. त्याने कारागरच्या डोळ्यांसमोर हळूच बोट फिरवलं. बाजूने नेलं तर डोळा हललाच नाही.

बराच वेळ तो कुत्र्याचे कान चोळत राहिला.

"उद्या हा माझ्यापुढे खोगिरावर बसेल," शेवटी तो म्हणाला. "तुझी कुमुश धावेल. बाप कुणी का असेना. पण तू माझ्या नजरेसमोर चालायचं, चोरा."