गारांच्या खेळातला म्हातारा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना, ते माझ्या रंगावरूनच ओळखा. आलो तेव्हा दुधासारखा पांढरा होतो; आता साय धरल्यासारखा पिवळट झालो आहे. पण देवाच्या कृपेने पंखा फिरतो, पडदा उजळतो आणि या घरात मला अजून टेबलाचा मान आहे. तेव्हा बसा जरा. रडगाणे गाणार नाही, भिऊ नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याची पेटी ही माझी काया. तिच्यात कुणी हिरवी पाटी बसवली, कुणी तारा ओवल्या, कुणी पंखा लावला. सगळे अवयव जागच्या जागी होते, तरी मी नुसता पत्राच होतो. मग एका कामगार बाईने बटण दाबले, वीज आत आली आणि मी पहिला श्वास घेतला. आपल्याला चालवणारा कुणी दुसराच असतो, हे ज्ञान मला जन्मल्या क्षणीच झाले. माणसांना ते व्हायला फार वर्षे लागतात म्हणे.

मला विकत घेतले ते एका टायपिस्ट बाईंनी. घरात त्यांना सगळे आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणतो. बाबा शहरातली बस चालवत. त्यांची एकुलती लेक तेव्हा शाळेत जात होती. दिवसभर आईची दहा बोटे माझ्या कळांवरून सरसर फिरत. भाडेकरार, अर्ज, विद्यार्थ्यांचे जाडजूड प्रबंध, सगळे माझ्या पोटातून बाहेर पडे. लोक छापील कागद हातात घेऊन म्हणत, “काय सुबक काम आहे!” आई माझ्यावर हात ठेवून म्हणे, “अर्धं श्रेय याचं.” अशी धनीण मिळायला भाग्य लागते.

संध्याकाळी मात्र मी बाबांचा. माझ्यात एक खेळ होता. पडद्यावर वरून अक्षरे पडत आणि जमिनीला टेकण्याआधी त्या त्या अक्षराची कळ दाबावी लागे. दहा अक्षरे निसटली की डाव संपला. लेकीने त्याला नाव दिले होते ‘गारा’. आई दहा बोटांनी खेळे, बाबा फक्त दोन तर्जन्यांनी, कोंबडीने दाणे टिपावेत तसे. तरी आठवड्यातून एकदा तरी बाबा जिंकत आणि मग त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. “दहा बोटं देवाने दिली, पण डोकं एकच दिलं, ते माझ्याकडे आहे!”

पुढे घरात एक सडपातळ नवा संगणक आला. मी अडगळीच्या खोलीत गेलो. माझ्या डोक्यावर कपड्यांचे गाठोडे आले आणि पोटात एका कोळिणीने जाळे विणून संसार मांडला. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण तिची पिल्ले गोड होती.

मग बाबा नोकरीतून मोकळे झाले आणि वर्षभरातच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणेही बरेचसे सावरले. उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडून राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितले, “काका, बोटं हलवत राहा. हे महिने हातचे गेले ना, तर बोटं आखडतील. मग माझ्याही हातात काही उरणार नाही.” त्यांनी पिळायला रबराचा चेंडू दिला. बाबांनी तो डाव्या हाताने कपाटाखाली भिरकावला.

“मी काय रांगतं मूल आहे, चेंडू खेळायला?”

आई रोज सकाळी त्यांच्या सदऱ्याची बटणे लावून द्यायची. तेवढा वेळ बाबा भिंतीकडे बघत राहायचे. बस वळवणारा तो हात! घरात कुणी मोठ्याने हसेनासे झाले.

एके दिवशी लेक म्हणाली, “आई, गारा कुठे आहेत गं?”

“फ्रीजरमध्ये असेल बर्फ.”

“तो नाही गं! बाबांच्या गारा!”

झाले. माझ्या डोक्यावरचे गाठोडे उतरले. आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा, हत्यारांची पेटी घेऊन हजर झाला. मामा लिफ्ट दुरुस्त करतो. हळू चालणारी कुठलीही वस्तू त्याला सहन होत नाही, मग ती लिफ्ट असो की बहिणीचा चहा. त्याने माझे झाकण काढले आणि ओरडला, “ताई, याच्या पोटात गालिचा अंथरलाय!”

माझे अभ्यंगस्नानच झाले म्हणा ना! मऊ ब्रशने धूळ झाडली, पंख्याला तेलाचा थेंब मिळाला. घड्याळाची जुनी बॅटरी गळून हिरवी बुरशी चढली होती. ती व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने हलकेच घासून नवी बॅटरी बसवली. लेकीने माझ्या कळा साबणाच्या पाण्यात धुऊन पंचावर वाळत घातल्या. माझी हार्डडिस्क करकर दात खात होती. तिच्यातले सगळे, गारांसकट, एका चिमुकल्या कार्डावर उतरवून घेतले. मेमरी दुप्पट झाली. आणि शेवटी मामाने भंगार बाजारातून आणलेला नवा मेंदू बसवला, आधीच्या चौपट वेगाचा.

“म्हाताऱ्याला पंख लावलेत,” तो म्हणाला. “आता बघा!”

मी सुरू झालो. काय सांगू तो आनंद! पूर्वी मला जागे व्हायला जितका वेळ लागे, तेवढ्यात आता आईचे अख्खे पान लिहून व्हावे. मी फुशारलो. बाबांना समोर बसवले. लेकीने त्यांचा उजवा हात उचलून कळांवर ठेवला. गारा सुरू केल्या.

आणि मित्रांनो, डोळ्याचे पाते लवायच्या आत डाव संपला.

तो खेळ जुन्या काळचा. संगणक जेवढा वेगवान, तेवढ्या गारा जोरात. बाबांची तर्जनी हलायच्या आधीच अक्षरे सडासडा कोसळली. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. बाबांना वाटले, खेळ होता तसाच आहे, आपणच संपलो. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर परत ठेवला.

“बंद करा,” ते म्हणाले. “चेंडू तरी बरा होता. तो हसत नव्हता.”

मला कारण ठाऊक होते, पण वाचा कुठे होती? ज्याच्यासाठी जागा झालो, त्यालाच माझ्या वेगाने चीत केले. नको देवा असले पंख, असे झाले.

मामा ओशाळून म्हणाला, “जुना मेंदू परत घालू का? पण काढताना त्याचा एक पाय मोडला...”

आई माझा चेहरा पुसत होती. पुसता पुसता थांबली. “हे बटण कसलं रे? पूर्वी हे दाबलं की या चौकटीतला आकडा बदलायचा आणि मशीन पेंगायला लागायचं. माझं टायपिंग रखडायचं म्हणून मी कुणाला हात लावू देत नव्हते. आता दाबलं तर काहीच होत नाही.”

लेकीने झाकण पुन्हा उघडले. आत रबरबँडने बांधून बाजूला सारलेली एक दोन टोकांची बारीक तार होती.

“मामा, ही?”

“ती होय? तिची जागा काही सापडेना. उपरी वाटली.”

“उपरी! लिफ्टच्याही तारा अशाच बांधून ठेवतोस का रे?” आई म्हणाली. “यापुढे मी जिना चढीन बाई!”

लेकीने भिंग लावून हिरव्या पाटीवरची बारीक अक्षरे वाचली आणि तार तिच्या जागी खोचली. आईने बटण दाबले. आकडा खाली आला. माझा श्वास संथ झाला आणि गारा उतरू लागल्या, एकेक, शेवरीच्या म्हातारीसारख्या तरंगत.

बाबा भिंतीकडेच बघत होते. आई त्यांच्या कानाशी वाकली. “अहो, गाणाऱ्याचा दम बघून ठेका धरतो तो खरा साथीदार. तुमचा साथीदार ठेका चुकला होता, गाणारा नाही. बसा.”

बाबांनी मान वळवली. पहिली गार निसटली. दुसरी निसटली. तिसरीच्या वेळी उजवी तर्जनी थरथरली, घसरली आणि शेजारच्या कळेवर पडली. चौथी मात्र तिने टिपली! ‘टक्’ असा आवाज झाला.

“एक,” बाबा म्हणाले.

“एकाने काय होतंय? माझे शंभर असायचे,” आई म्हणाली, आणि पदराने डोळे टिपायला तोंड फिरवले.

मामा म्हणाला, “दोन रविवार मशीन फास्ट करण्यात घालवले, कुणी चहा विचारला नाही. स्लो केलं तर डोळ्यांत पाणी!”

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ आमचा डाव रंगू लागला. नियम एकच, उजवाच हात. आईला फक्त डाव्या हाताची परवानगी, तरी ती जिंके आणि चिडवे, “साहेब, स्टॉप मागे राहिला!” बाबा म्हणत, “मागचा दरवाजा बंद कर आधी, वारा फार येतोय तुझ्या तोंडाचा.” तर्जनीपाठोपाठ मधले बोट जागे झाले, मग अंगठा. व्यायामाच्या बाई बघायला आल्या आणि स्वतःच दोन डाव हरून गेल्या. पुढे एका सकाळी बाबांनी सदऱ्याचे वरचे बटण स्वतः लावले. वाकडे लावले, चुकीच्या काजात लावले. पण आईने ते दिवसभर तसेच राहू दिले.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ झाडत जा, बॅटरी गळण्याआधी बदलत जा, आणि जी तार कळत नाही तिला उपरी म्हणू नका. नवे भाग जरूर बसवा, आम्हालाही नव्याची हौस असते. पण समोर बसणार कोण आहे, ते आधी बघा. वेग देणारा कारागीर थोर खराच. पण वेळ देणारा देवाच्या जास्त जवळ असतो, असे मला या टेबलावर बसून वाटते.

काल बाबा खेळता खेळता कुरकुरले, “ही काय बैलगाडी लावली आहे!” आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी उजवा हात उचलला, तर्जनी ताठ केली आणि माझे बटण दाबले. आकडा वर गेला. गारा सडासडा कोसळल्या. बाबा एका क्षणात हरले आणि इतके हसले, इतके हसले, की गल्लीच्या टोकावरून कुणीतरी विचारत आले, “काय हो, जिंकलात वाटतं?”