पांढऱ्या अळीवरची लाल फुली

मित्रांनो, मी एक जुनी मॅक्रो लेन्स आहे. दिसायला काळी आणि जाडजूड. तुमच्या नजरेतून जे निसटतं ते जवळून दाखवायचं, हे माझं काम, आणि ते मी इमानेइतबारे केलं. तरीही माझा विश्वासघात झाला. तो परक्याने केला असता तर एवढं लागलं नसतं.

मला प्राचीने निवडलं. पलूसजवळच्या आदगोंडा पाटलांची ही थोरली लेक. घरची द्राक्षबाग, शिक्षणही शेतीचं. धाकट्या भावाला, सन्मतीला घेऊन ती सांगलीच्या दुकानात आली, तेव्हा माझ्याशेजारी माझीच एक आखूड बहीण मांडली होती. ती हलकी, सुटसुटीत. दुकानदार तिचीच तारीफ करत होता. पण तिच्यातून किडा मोठा दिसायला अगदी त्याच्या अंगावर जावं लागतं. कॅमेऱ्याची सावली पडते आणि किडा बिचकतो. मी तोच किडा तेवढाच मोठा, जरा लांब राहून दाखवते.

प्राचीला हे अंतर हवं होतं ते आजीपायी. चंपाबाई आजी जुन्या वळणाच्या जैन बाई. पाणी गाळून पिणार, दिवस मावळायच्या आत जेवणार. बागेत फवारणी असली की त्या दिवशी त्या एकाशन करत, म्हणजे एकदाच जेवत. औषधाशिवाय द्राक्ष हाती लागत नाही हे त्यांना कळत होतं, पण मन मानत नव्हतं. कॅमेऱ्याचं नाव निघाल्यावर त्यांनी नातीला एकच अट घातली होती.

"काय बगायचं ते लांबनं बग. जिवाला धक्का लागता कामा न्हाई."

प्राचीने शब्द दिला, आणि त्या शब्दापायी मी पाटलांच्या घरी आले.

सन्मतीचा हिशेब वेगळा होता. पलूसला त्याचं फोटोचं आणि फ्लेक्स छापायचं दुकान. माणसांच्या चेहऱ्यांनाही हीच लेन्स बरी, नाक फुगत नाही, मागची गर्दी मऊ पुसट होते, असं कळल्यावर तोही खूश झाला. ते खोटं नव्हतंच. फलटणच्या एका लग्नात मी नवरीचा चेहरा असा टिपला की वऱ्हाडात माझंच कौतुक. फक्त तिच्या आईला हनुवटीवरची पुटकुळी खटकली. झाकपाक करणं माझ्या स्वभावात नाही, त्याला मी काय करणार? घाईचं कामही मला झेपत नाही. अक्षता पडल्या, आणि मी आपली नजर पुढेमागे करत बसले. तोवर हार घालूनही झाले. सन्मती चिडला, पण शहाणा होता. पुढे अशा वेळी तो दुसरी लेन्स लावू लागला आणि मला चेहरे, मेंदी, अंगठ्या एवढ्यावर ठेवलं. माझं बळ आणि माझी उणीव ओळखणारा हा माणूस आपला आहे, असं मी धरून चालले.

माझं खरं सुख मात्र बागेत होतं. द्राक्षाच्या घडांत मिलीबग नावाचा रस शोषणारा किडा शिरतो, पिठात लोळल्यासारखा पांढरा. त्याला खाणारी एक अळी असते, ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या जातीची. पण तीही तशीच पांढरी आणि झिपरी, त्यामुळे शेतकरी तिलाच मिलीबग समजून मारतात. ही चूक थांबावी म्हणून प्राचीने वेलीखाली बसून, वारा पडायची वाट बघत तिचा फोटो काढला. आजींनी तो पाहिला. "म्हंजे ह्यो आपला राखणदार म्हण की," असं म्हणून त्यांनी मला पदराने पुसलं. काच पदराने पुसू नये, मित्रांनो, पण त्या दिवशी मला ते फार आवडलं.

प्राची तो फोटो घेऊन गावोगावच्या बैठकांना जाऊ लागली. ही अळी ओळखता आली तर औषधं कमी मारली जातील, अशी तिला आशा होती. आजीही रोज विचारायच्या, आज किती जणांना पटलं म्हणून.

आणि एक दिवस चौकात फ्लेक्स लागला. कीटकनाशकं विकणाऱ्या एका दुकानाचा. 'मिलीबगचा नायनाट' अशी ठळक अक्षरं, खाली मी टिपलेली ती अळी माणसाएवढी मोठी केलेली, आणि तिच्यावर लाल फुली. कोपऱ्यात प्राचीचं नाव. छपाई सन्मतीची. ही अळी मिलीबग नाही हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. बहिणीनेच त्याला सांगितलं होतं.

तिने जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला, "खरा मिलीबग लय बारका दिसतोय गं अक्का. ह्यो कसा बोर्डात भरतोय. आणि तुजंच नाव टाकलंय की."

प्राचीने फ्लेक्स उतरवायला लावला. पण त्याआधीच शेजारच्या मळ्यातले बाळासो आनंदाने घरी आले होते. आजी सोप्यात बसल्या होत्या.

"आजी, तुमच्या नातीच्या फोटोमुळं आमी वळखली बगा ती पांढरी अळी," बाळासो म्हणाले. "सगळी बाग धुऊन काडली. एक न्हाई ठेवली."

आजींनी त्यांना पाणी दिलं, निरोप दिला. मग नातीकडे वळल्या. आवाज चढला नाही.

"तू दावलीस, म्हणून गावली ती."

प्राचीने मला कॅमेऱ्यावरून काढलं आणि सन्मतीच्या टेबलावर ठेवलं. माणसांचेच फोटो काढत जा, एवढंच ती त्याला म्हणाली. जिने मला निवडलं तिनेच मला त्याच्या हवाली केलं, हेही मला सोसावं लागलं.

आता मी लग्नं करते. मित्रांनो, मला बंद डब्यात कोंडू नका, ओलाव्याने काचेवर बुरशी धरते. मऊ कापडाने पुसत जा. पण माझ्यातून जे दिसलं ते कोणाच्या हाती देता, तेही बघत जा. सन्मती "हिकडं बगा" म्हणतो, आणि नव्या नवऱ्या माझ्याकडे बघून मोकळ्या मनाने हसतात. मी त्यांना हुबेहूब टिपते, पुढे तो चेहरा कुठल्या फ्लेक्सवर चढेल ते माझ्या हाती नसतं. हसू नका, हे मला त्यांना सांगता येत नाही.