कुठल्या कुशीवर

तहान

"कांदा खाल्लात का आत्ता?"

गांगलांनी विचारलं आणि पोह्यांच्या रांगेतल्या बायका खुदकन हसल्या.

"डॉक्टर, पोहेच कांद्याचे हायेत. तुमच्या गोळीपायी उपाशी ऱ्हाऊ काय?" बयाबाई म्हणाली.

"अर्धा तास थांबायचं फक्त. तोंडाला वास नको."

"आमच्या अंगाला चिखलाचा वास मारतोय, त्याचं बघा आधी." ती द्रोण घेऊन पुढे सरकली.

दरड कोसळून वरची वाडी गाडली गेली होती. उरलेली माणसं पोलादपूरकडच्या या शाळेत आणून ठेवली होती. होमिओपॅथ विनीत गांगल डोंबिवलीत दवाखाना चालवत; चालवत म्हणजे उघडून बसत. बाटल्यांची पेटी घेऊन ते आपणहून मदतीला आले होते. सरकारी पथकाच्या डॉक्टर अंकितांनी त्यांना नाही म्हटलं नाही, व्हरांड्याच्या टोकाला एक बाक दिला. पोरं आली, गोड गोळ्या चघळून गेली. पेशंट एकही नाही. दवाखान्यातही तेच होतं, पण तिथे निदान पंखा होता.

"हितं बसू काय? तिकडं लय गलका हाय."

आनंदीबाई परवानगीची वाट न बघता बसली. वाडीत नवऱ्याबरोबर दोघांचाच संसार होता तिचा. नवरा, येसाजी, अजून सापडला नव्हता.

गांगलांना विचारायची एकच पद्धत ठाऊक होती. "तहान कशी लागते? घोट घोट, की तांब्याभर?"

तिने मान वर केली. दरड आल्यापासून तिला सगळ्यांनी नाव विचारलं होतं, आधार कार्ड विचारलं होतं, घरात माणसं किती ते विचारलं होतं.

"तांब्याभर," ती म्हणाली. "अंग तापलंय ना."

कशानं वाढतं

"दुखनं चाललं की वाढतं," आनंदीबाई म्हणाली. "पोटऱ्या धरून येतात."

तिचे डोळे लाल होते. घोट्यापाशी चिरलेलं होतं. "पाण्यातून आलात?"

"कमरेइतक्या. गुरं बी त्याच पाण्यात मेली."

गांगलांचा पेटीकडे गेलेला हात थांबला. हा लेप्टो असणार, जनावरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा ताप. कोकणात पूर ओसरला की मागे हेच येतं.

"द्या ना तुमची गोळी. गोड असती म्हनतात." तिने तळहात पुढे केला.

इतक्या बिनघोर विश्वासाने त्यांच्यापुढे याआधी कुणी हात केला होता, ते त्यांना आठवेना. त्यांनी बाटलीचं बूच घट्ट दाबलं.

"याला माझी गोळी नाही चालणार. त्या बाईंकडे चला."

डॉक्टर अंकितांनी पोटरी दाबताच ती कळवळली. "महाडला ॲडमिट करायला हवं. आत्ताच. गाडी उभी आहे."

"मी नाय जानार."

"मावशी, जिवावर बेतेल."

"बेतू दे. वर खोदतायत अजून. ह्यांना काढतील तवा वळखायला कोन? तोंडं वळखू येत नायत. गणूच्या बापाचं मढं लोकांनी दुसऱ्याच घरात दिलंवतं. माजा मानूस बेवारशी जळंल."



"मी थांबतो," गांगल म्हणाले.

"तुमी कवा बघितलाव त्यांना?"

"नाही बघितलं. तुम्ही सांगा."

झोप

गाडीचं इंजिन सुरू होतं. गांगलांनी न आलेल्या पेशंटची केस घेतली.

"तहान?"

"पानी पितच नाय. चहा पायजे."

"भीती कशाची?"

"विजेची. कडाडली की मांजरावानी चुलीपाशी." तिला हसू आलं आणि तिथेच अडकलं.

"कुठल्या कुशीवर झोपतात?"

"उजव्या. गुडघे पोटाशी आनि दोनी हात गुडघ्यांत. मी म्हनायची, आवो पाय पसरा की, जागा काय भाड्याची हाय? त्या दुपारी बी तसेच निजलेवते. मी गुरं बघाया खाली गेले."

"अजून काही?"

"बनियनला डाव्या खांद्यापाशी निळ्या दोऱ्याचा टाका हाय. पांढरा संपलावता. त्यावरनं बी भांडले माज्याशी."

पाय गाडीत घेता घेता ती थबकली. "आनि तुमी? तुमी कुठल्या कुशीवर निजता?"

"माहीत नाही."

"ते सांगाया दुसरं मानूस लागतं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. दार लागलं.

नातं

नातं काय, हा प्रश्न गांगलांच्या केसपेपरवर नव्हता.

पेटी शाळेतच राहिली. डोंगराच्या पायथ्याला ताडपत्री बांधली होती, तिथे वरून माणसं आणून ठेवत. खाली घरचे लोक घोळक्याघोळक्याने बसले होते. गांगल एका कडेला बसले.

"तुमचं कोण?" चहा वाटणाऱ्याने विचारलं.

"येसाजी."

त्याने आणखी काही विचारलं नाही. कप हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरून स्ट्रेचर उतरलं. त्यावरची चादर सपाट नव्हती. मध्येच उंच झाली होती, जशी पोटाशी पाय घेऊन निजलेल्या माणसावर होते. घोळक्यांतून कुणी उठायच्या आत गांगल उठले होते.

"थांबा," पोलीस म्हणाला. "ओळख सांगा आधी."

"डाव्या खांद्यापाशी निळा टाका असेल."

पोलिसाने चादर जराशी उचलली. अंगठ्याने चिखल खरवडला. मग मान डोलावली.

"नातं काय तुमचं?"

गांगलांचं लक्ष नव्हतं. पथकातला एकजण खाली वाकून म्हणत होता, "पाय सरळ करून घेऊ या, उचलायला बरं पडेल."

"नको," गांगल म्हणाले. त्यांनी चादरीचं टोक पुन्हा गुडघ्यांवर ओढलं. "राहू द्या. ते असेच झोपतात."