अर्ध्या वजनाची बदली

सैन्यातल्या माणसाशी लग्न केलं की विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हे तिनं पहिल्याच बदलीला कबूल केलं होतं. दोघांचंच घर, त्यामुळे आवरायला सोपं. चौदा वर्षांत सहा बदल्या झाल्या आणि तिनं हूं की चूं केलं नाही. ह्या गावात मात्र चार वर्षं पाय टिकले, तेव्हा तिनं शिवणाचं दुकान टाकलं. तीन मशीनं, कापायचं मोठं टेबल, हाताखाली दोन बायका आणि दोन शाळांच्या गणवेशांचं काम. तिसरं मशीन दुकानाचा जिना चढवताना नवरा धापा टाकत म्हणाला होता, "आता आपण इथनं हलायचं नाही." बाईमाणूस भोळं असतं असं नाही, पण वजन उचलणाऱ्यावर विश्वास बसतोच.

दोन महिन्यांपूर्वी तो एका संध्याकाळी तोंड पाडून घरी आला. परदेशातल्या तळावर तीन वर्षं. वरून हुकूम आलाय, सगळ्यांचे उंबरे झिजवले पण कुणी ऐकलं नाही, असं सांगता सांगता त्याचे डोळे भरले. तिनंच त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. "हुकूम म्हटल्यावर तुम्ही तरी काय करणार?" हे वाक्य तिचं. मग तिनं दुकान बंद केलं, जागा मालकाच्या ताब्यात दिली, मशीनं घरी आणली आणि दोघी बायकांना दुसरीकडे कामाला लावून दिलं. अट एकच घातली, मशीनं सोबत येणार. "येणारच की!" तो म्हणाला.

आज सकाळपासून सामान बांधणारे चौघे घरात होते. त्यांच्या मुकादमाला सगळे काटेमामा म्हणत, कारण नुसतं बघून तो वस्तूचं वजन सांगायचा. भांडी झाली, पुस्तकं झाली, पलंग सुटा झाला. माणसं मशीनांकडे वळली तशी मामांनी त्यांना थांबवलं.

"ती राहू द्या रे."

"राहू द्या म्हणजे? तीच आधी घ्या," ती म्हणाली.

"ताई, वजनात बसत नाहीत. तुम्हाला दोन हजार किलो मंजूर आहेत. एकोणीसशे तर झालेच."

तिला हसू आलं. सहा बदल्यांत नियम पाठ झाले होते. "मामा, मला नका शिकवू. बायकोसकट परदेशी बदली, ह्यांच्या हुद्द्याला चार हजार."

"बरोबर आहे. पण ते हुकमाच्या बदलीला. ही साहेबांनी स्वतः मागून घेतलेली. तिला अर्धंच वजन मिळतं."

"काहीतरी चुकतंय तुमचं."

मामांनी फाईल तिच्यापुढे धरली. बदली विनंतीवरून, खाली नवऱ्याची सही. आधीचे दोन अर्ज नामंजूर, त्यांच्या तारखाही होत्या. पहिला अर्ज तिसरं मशीन आणलं त्याच आठवड्यातला.

तिला राग नंतर आला. आधी आली ती लाज. ज्यानं केसानं गळा कापला, त्याचेच डोळे आपण पदरानं पुसले! आणि कौतुक म्हणजे त्यानं ते पुसू दिले.

नवरा चिकटपट्टीचं रीळ घेऊन आतून आला. फाईल दिसली आणि त्याचा चेहरा उतरला. मामा शहाणे, ट्रक बघायच्या निमित्तानं माणसांना घेऊन खाली गेले.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी? जहाज सुटल्यावर?"

"तिकडे गेल्याशिवाय बढती नाही. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माझं उत्तर ठाऊक होतं तुम्हाला. मग रडलात कशाला?"

"वाईट वाटत होतं खरंच."

खरंच वाटत असणार. तेच तिला सहन होईना. नाटक असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती.

"हे बघ, माझं कपाट काढतो, पलंग काढतो. मशीनं घालू," तो घाईघाईनं म्हणाला.

तिनं दुकानाच्या मालकाला फोन लावला. जागा परवाच दुसऱ्याला दिली होती. "बरं," म्हणून तिनं फोन ठेवला आणि खिडकीतून खाली हाक मारली, "मामा, वर या. माझी खोकी बाजूला काढायची आहेत."

"अगं, जागा गेली ना? इथे राहून करणार काय?"

"तुमची वाट बघणार नाही, एवढं नक्की."

मामा माणसांना घेऊन वर आले. ती एकेका खोक्यावर हात ठेवत खोल्यांतून फिरली. घरात त्रेचाळीस खोकी होती. त्यांतली तिची म्हणावीत अशी पाच निघाली.