शेवटचं गाणं संथ होतं तिथे

माझी बायको निवेस ड्रम वाजवायची. इटलीच्या फ्रिउली भागातल्या आमच्या गावात एक बंद पडलेली डेअरी आहे, तिथे तिचा न्यू मेटल, म्हणजे दणदणीत रॉक वाजवणारा बँड सराव करायचा. मी प्लास्टरची कामं करतो. संगीतातलं मला कळत नाही, पण रस्त्यावर उभा असलो तरी ती वाजवायला लागली की मला छातीत कळायचं.

अल्बम करताना आधी ड्रम रेकॉर्ड होतात, मग त्यावर बाकीचे वाजवतात. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा निवेस एवढंच म्हणाली की माझं काम पहिलं असतं ते बरं आहे. उपचार चालू असतानाच तिने सगळी गाणी वाजवून दिली. गिटारची वेळ येण्याआधी ती गेली.

हिवाळा सरल्यावर गिटारवाला एर्मेस मला डेअरीत न्यायला आला. शेवटच्या गाण्याची अडचण होती. त्याच्या अखेरीस निवेस दमली होती आणि लय खाली आली होती. मिलानहून आलेला रेकॉर्डिंगवाला तित्सियानो म्हणाला की कॉम्प्युटरवर ती सरळ करता येते, सगळेच करतात, पण तुम्हाला विचारल्याशिवाय हे लोक हात लावू देत नाहीत.

मी म्हणालो, करा सरळ. ती दमली होती हे लोकांना कशाला कळायला हवं? आजारपणातही ती पाहुण्यांसमोर कधी आडवी झाली नाही.

त्याने तसं करून ऐकवलं. प्रत्येक ठोका जागच्या जागी होता, आणि तो कुणाचाही असू शकला असता. मग मी तिचं मूळ लावायला सांगितलं. ठोके उशिरा येत होते, पण एकही हलका नव्हता.

"हेच राहू दे," मी म्हणालो.

"मग आम्हाला तिच्या मागून चालावं लागेल," एर्मेस म्हणाला.

"आधी काय पुढे चालत होता?"

तो हसला. गायक लोरिसचं तोंड मात्र उतरलं. अखेरपर्यंत त्याला एकच आरोळी धरून ठेवायची होती आणि आता ती लांबली होती. दर वेळी त्याचा दम आधीच संपायचा.

"कोंबडीची फुप्फुसं आहेत बाबा तुझी," एर्मेस म्हणाला. "ती आजारी असून पोचली. तुला काय धाड भरलीय?"

लोरिस पाणी प्यायला, डोळे मिटले आणि पुन्हा सुरू झाला. या खेपेला तो तिच्या शेवटच्या ठोक्यापर्यंत टिकला.

उन्हाळ्यात गावच्या जत्रेत त्यांचा कार्यक्रम झाला. ड्रमवर आता उदिने शहरातली कात्या होती. मी पोलेंटाच्या, म्हणजे मक्याच्या पिठल्याच्या कढईपाशी आदेलिनाकाकूंच्या मदतीला उभा होतो. शेवटचं गाणं आलं तेव्हा समोर सगळे उड्या मारत होते. त्यांनी अल्बम इतका ऐकला होता की कात्याने लय खाली आणायच्या आधीच पुढच्या रांगा संथ झाल्या, मग मागच्या, शेवटी सगळ्याच.

आदेलिनाकाकूंनी ढवळायचं थांबवलं. "काय रे, ही पोरं अशी का करतायत?"

"माझ्या बायकोचं ऐकतायत," मी म्हणालो.