शेपटीसकट चौकोन

चपलांच्या दुकानावरचा तो हॉल रविवारी सकाळी उघडल्या उघडल्या भरून जायचा. जिन्यावर रांग, खिडकीत माणसं, आत येऊ न शकलेल्यांच्या माना वर. समोर भिंतभर पडदा होता आणि त्यावर माणसाचा आजार चक्क रंगीत दिसायचा. पित्त पिवळं, गुडघेदुखी हिरवी, रक्तदाब लालभडक.

"तोंड खोटं बोलेल," नादगुरू माइकवर सांगायचे, "आवाज खोटं बोलत नाही. तुमची एकेक पेशी ओरडते आहे. डॉक्टरांना ती ऐकू येत नाही, कारण डॉक्टर तपासत बसतात. आम्ही ऐकतो."

पेशी ओरडते म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या बाईंनी लगेच पोटावर हात ठेवला.

स्टुलावर बसायचं, माइकसमोर 'आ' म्हणायचं. घाम येऊ नये म्हणून शेजारी एक उभा पंखा घरघरत असायचा. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटायचं. लाल कापडाच्या आड बसलेलं कुणीतरी त्यातल्या गडद डागांभोवती चौकोन काढायचं आणि नादगुरू त्या चौकोनांना आजारांची नावं द्यायचे. मग आतल्या खोलीत वाट्या वाजवून उपचार. उपचार संपले की तिथंच दुसरं चित्र, आणि ते कोरं करकरीत. ते बाहेरच्या पडद्यावर पाहून लोक टाळ्या वाजवायचे.

त्या टाळ्यांत माझ्या बाबांच्याही टाळ्या होत्या.

बाबांनी आयुष्यभर कपडे शिवले. उगाच कुणाच्या नादी लागणारा माणूस नव्हे. पण गेल्या वर्षी एका सकाळी त्यांचा अर्धा चेहरा वाकडा झाला, दुपारपर्यंत सरळही झाला. डॉक्टरांनी बजावलं होतं की रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, या वेळी थोडक्यात निभावलं आहे. आणि आता बाबा मला मोबाइलवर दोन चित्रं दाखवत होते, आधीचं आणि नंतरचं.

"लाल सगळं गेलं बघ. गोळ्या बंद केल्यात मी."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"सांगायला कशाला पाहिजे? डोळ्यांनी दिसतंय की. आणि तू काय तोंड वाकडं करतेस? तुझ्याच कामातलं चित्र आहे हे. तूच नाही का मला बेडकाचं दाखवलं होतंस?"

ते खरं होतं.

माझं काम तेच आहे. तळ्याकाठी लावून ठेवलेल्या यंत्रांतून आवाज येतात, संगणक त्यांचं चित्र करतो. त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. जाड आवाज खाली, बारीक आवाज वर, आणि आवाज जितका मोठा तितका डाग गडद. मी त्यातल्या कामाच्या आवाजाभोवती चौकोन काढते आणि नाव लिहिते. हा अमुक बेडूक, हा रातकिडा, हा पाऊस, ही कुणाची तरी मोटरसायकल. ओळखू आलं नाही तर 'अनिश्चित'. आवाजच नसेल तर 'काही नाही'.

"'काही नाही' लिहायला सगळ्यात जास्त हिंमत लागते," असं आमचे मास्तर म्हणायचे. आख्ख्या ऑफिसला हे काम त्यांनी शिकवलं. आवाज एकदम संपत नाही, त्याला एक फिकट शेपूट असते. नवखा माणूस गडद भागाला चौकोन मारून मोकळा होतो. मास्तर मागून येऊन खुर्चीला टिचकी मारायचे. "शेपटीसकट घे. तो बिचारा तेवढा ओरडलाय, त्याचं सगळं घे." कानांना विश्रांती हवी म्हणून त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा निरोपाच्या दिवशी मी हमसून हमसून रडले होते.

बाबांचं पहिलं चित्र मी मोठं करून पाहिलं. खाली आडव्या गडद रेघा होत्या, तोच म्हणे रक्तदाब. पण बाबा मध्ये श्वास घ्यायला थांबले होते तिथंही त्या रेघा तशाच चालू होत्या. गळा थांबला की गळ्यातला आवाज थांबतो. थांबला नाही, तर तो दुसऱ्या कशाचा तरी आहे. तळ्याकाठच्या घरांतल्या पंख्यांची घरघर रोज आमच्याही कामात अडमडते. मी ती झोपेतही ओळखेन.

दुसरं जे दिसलं ते नको होतं दिसायला. बाबांचा 'आ' जिथं संपत होता, तिथली फिकट शेपूट चौकोनात नीट घेतली होती. या कामात चौकोनालाही हस्ताक्षर असतं. मी स्वतःला समजावलं की हे चौकोन मास्तरांचे नसतील, दुसऱ्या कुणाचे असतील. मग आणखी चार जणांची चित्रं मागवून पाहिली आणि समजावणं सोडून दिलं.

पुढच्या रविवारी लोक यायच्या आधीच मी लाल कापडामागं गेले. मास्तर वायरी जोडत होते.

"अरे, तू? बस," ते म्हणाले, जणू मी ऑफिसात उशिरा आले होते.

"माझ्या वडिलांच्या चित्रात तुम्ही पंख्याला चौकोन काढलाय."

"मी फक्त चौकोन काढतो. नावं तो ठेवतो."

"पण पंख्याला?"

"गडद दिसेल त्याला काढ म्हणतात, मी काढतो. ऑफिसात तरी वेगळं काय करत होतो?"

"तिथं बेडूक असायचा, मास्तर."

ते जरासे हसले. "लोकांना बरं वाटतं गं. वाट्या ऐकून कुणाचं वाईट झालंय?"

"बाबांनी गोळ्या बंद केल्यात."

वायर त्यांच्या हातात तशीच राहिली. मला क्षणभर वाटलं, आपले मास्तर अजून आत कुठंतरी आहेत. मग ते म्हणाले, "गोळ्या बंद करा असं मी तर कुणाला सांगितलं नाही."

"आज मी स्टुलावर बसणार आहे आणि तोंडातून आवाज काढणार नाही. अशा वेळी काय लिहायचं ते तुम्हीच मला शिकवलंय."

त्यांनी वायर खोचली आणि पुढची उचलली.

हॉल भरला. बाबा नेहमीसारखे पुढं, भिंतीला टेकून बसले होते. मी आलेली पाहून त्यांना आनंद झाला, आणि त्यानं मला आणखीच वाईट वाटलं. मी स्टुलावर बसले. नादगुरूंनी डोळे मिटले.

"आ म्हण, बाळ."

मी तोंड मोठ्ठं उघडलं. आवाज काढला नाही. नादगुरू मान डोलवत म्हणाले, "ऐका, कसा कोंडलेला आहे."

पडद्यावर आडव्या रेघा सरकत होत्या. मी फक्त पडद्याकडे पाहत होते. बराच वेळ काही झालं नाही आणि मी मनातल्या मनात मास्तरांचे आभार मानायला लागले होते. तेवढ्यात पहिला चौकोन आला. मग दुसरा, मग तिसरा. चारही बाजू रेखीव, ज्या हातानं मला शिकवलं त्याच हाताचे. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

नादगुरूंनी डोळे उघडले. "अरेरे. पित्त. आणि घरात कुणाशी तरी अबोला."

"मी आवाज काढलाच नाही," मी माइकमध्ये सांगितलं.

"नाहीच काढला," पोटावर हात ठेवणाऱ्या बाई म्हणाल्या. "मी बघत होते. नुसतं तोंड उघडलं होतं."

"मौनालाही नाद असतो, माउली," नादगुरू गोड हसले, आणि निम्म्या हॉलनं माना डोलवल्या. बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

मी उठून बाजूला झाले. "मग आता या स्टुलाचं काढा."

रिकाम्या स्टुलासमोरही रेघा सरकतच राहिल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "स्टुलाला पित्त झालंय." दोघंतिघं हसले.

"बाबा, तुमच्या डोक्याशी बटण आहे. हा पंखा बंद करा."

"आजोबा, ऊर्जेत ढवळाढवळ नको," नादगुरू म्हणाले.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. पंखा मंदावत गेला तशा रेघा फिकट होत गेल्या आणि पडदा कोरा झाला. बाबांनी पुन्हा बटण चालू केलं. रेघा परत आल्या. बंद केलं, गेल्या. ते तसंच करत राहिले.

"इथं पंखा आहे, आतल्या खोलीत नाही," मी म्हणाले. "शिवाय चित्र गडद किंवा फिकट करायची सोय यंत्रात असते, फोटोत असते तशी. तीही जरा सरकवली की उरलेले डाग जातात. तुमचा उपचार तो एवढाच."

"यंत्रात बिघाड आहे," नादगुरू म्हणाले. पण तोवर कुणीतरी लाल कापड ओढून काढलं होतं. मास्तर माउसवर हात ठेवून बसले होते. लोक एकदम बोलायला लागले. त्या गोंधळात मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"चारचौघांत करायला नको होतंस."

"तुम्ही 'काही नाही' लिहिलं असतंत तर केलं नसतं."

जिना उतरताना बाबांनी विचारलं, "मग माझ्या आवाजात होतं काय?"

"पंखा."

"आणि बरं झालं ते?"

"तोही पंखाच."

ते दुकानासमोर थांबले. "टेप आवळून धरली की कुणाचीही कंबर बारीक भरते. मला कळायला पाहिजे होतं. तुझं काम म्हणून मी डोळे झाकून मानलं गं." मग हळूच म्हणाले, "गोळी आता घेतली तर चालेल?"

"ते मी नाही सांगणार. डॉक्टरांना विचारू."

डॉक्टरांनी दाब मोजला, आकडा बघून ते गंभीर झाले आणि गोळी आपल्यासमोरच घ्यायला लावली. आणखी थोडे दिवस गेले असते तर चेहरा पुन्हा वाकडा झाला असता आणि या वेळी सरळ झाला नसता, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

मी अजूनही चौकोन शेपटीसकटच काढते. मास्तरांनी शिकवलं होतं ते खरं होतं, आणि तेच जास्त मनाला लागतं.

तुम्हाला कुणी तुमच्या आजाराचं रंगीत चित्र दाखवलं, तर भांडू नका, हात जोडू नका. एवढंच म्हणा की पंखा बंद करून माझ्यासमोर परत काढा, आणि एकदा रिकाम्या स्टुलाचंही काढा. जो काढून दाखवेल आणि स्टुलाचं चित्र कोरं येईल, त्याचं ऐकून घ्या, पण गोळी सोडू नका. जो नाही म्हणेल त्याच्या समोरून उठा, आणि घरी जाऊन गोळी घ्या.